अन्न टिकवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

घरच्या घरी अन्न दीर्घकाळ टिकवण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक प्रश्न काचेच्या बरण्यांत बंद करून ठेवायच्या पदार्थांविषयीचे आहेत, आणि चुकीची किंमतही तिथेच सर्वांत जड पडते. म्हणून त्या उत्तरांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : बागेतली फरसबी आणि मक्याचे दाणे मी मिठाच्या पाण्यासह काचेच्या बरण्यांत भरते, झाकणे लावते आणि मोठ्या पातेल्यात तासभर उकळते. झाकणे घट्ट बसतात आणि भाजी कित्येक महिने जशीच्या तशी दिसते. एका नातेवाइकांनी हे धोक्याचे असल्याचे सांगितले. बरण्या स्वच्छ असतील आणि झाकण हवाबंद बसले असेल, तर धोका उरतो कशाचा?

उत्तर : आपल्या नातेवाइकांचे म्हणणे खरे आहे. अशा प्रकारे भरलेल्या बरण्या शिल्लक असतील, तर त्या न उघडता टाकून द्याव्यात.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू मातीत सर्वत्र आढळतो आणि भाज्या कितीही धुतल्या तरी त्याचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल परिस्थितीत तग धरणारे त्याचे सुप्त रूप, पूर्णपणे निघून जात नाहीत. एरवी हे बीजाणू निरुपद्रवी असतात. ताज्या भाजीबरोबर ते आपल्या पोटात जातात आणि निरोगी प्रौढ माणसाला त्याची बाधा होत नाही. मात्र हवा नाही, ओलावा भरपूर आहे, आंबटपणा कमी आहे आणि तापमान खोलीतल्याइतके आहे, अशी जागा मिळाली की ते रुजतात, वाढतात आणि वाढताना विष तयार करतात. ज्ञात विषांमध्ये हे अत्यंत जहाल मानले जाते. आता आपली बरणी पाहा. तासभर उकळल्यामुळे इतर जिवाणू मेले, म्हणजे स्पर्धक संपले. उकळताना आतली हवा निघून गेली. फरसबीत आणि मक्यात आंबटपणा जवळजवळ नाहीच. बीजाणू मात्र 100 अंश सेल्सियसला कित्येक तास तग धरू शकतात. म्हणजे या जिवाणूला हवी असलेली सारी तयारी आपणच करून दिली आणि वर झाकणही घट्ट लावले. बाहेरचे जंतू आत येऊ नयेत एवढेच काम झाकण करते. आत जिवंत राहिलेल्यांविरुद्ध त्याचा काही उपयोग नसतो.

‘कित्येक महिने जशीच्या तशी दिसते’ या आपल्या वाक्याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. हे विष अन्नात असूनही रंग, वास आणि चव यांत काहीच फरक जाणवत नाही, असे घडू शकते. 1895 साली बेल्जियममधील एका गावात अंत्यविधीनंतरच्या जेवणात खारवलेले डुकराचे मांस खाऊन अनेक जण आजारी पडले आणि तिघे दगावले. त्या मांसातूनच एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हा जिवाणू प्रथम वेगळा केला. जेवणाऱ्यांनी ते मांस खाण्याजोगे समजूनच खाल्ले होते, हे विसरून चालणार नाही.

मग भाज्या बरणीत टिकवायच्याच नाहीत का? टिकवता येतात, पण आधी पदार्थाचा आंबटपणा पाहावा लागतो. आंबटपणा पीएच या मापाने मोजतात. आकडा जितका लहान, तितका पदार्थ आंबट. 4.6 ही येथली सीमारेषा आहे. बहुतेक फळे, त्यांचे मुरंबे आणि जॅम, तसेच पुरेशा व्हिनेगरात मुरवलेल्या भाज्या या रेषेच्या खाली असतात. तेवढ्या आंबटपणात बीजाणू रुजू शकत नाहीत, म्हणून त्यांना उकळत्या पाण्याची प्रक्रिया पुरते. भाज्या, कडधान्ये, मांस, मासे, दूध आणि या सर्वांची मिश्रणे रेषेच्या वर असतात. त्यांच्यासाठी 116 ते 121 अंश तापमान लागते आणि उघड्या पातेल्यातले पाणी, आच कितीही वाढवली तरी, तिथवर पोहोचतच नाही. त्यासाठी प्रेशर कॅनर हे दाबाचे खास भांडे हवे. समुद्रसपाटीजवळ 10 पौंडांच्या वजनावर, अर्ध्या लिटरच्या बरण्यांतल्या फरसबीला 20 मिनिटे आणि एक लिटरच्या बरण्यांना 25 मिनिटे, तर मांसाच्या तुकड्यांना अनुक्रमे 75 आणि 90 मिनिटे लागतात. एकाच दाबावर एवढा फरक पडतो, कारण बरणीच्या मध्यभागापर्यंत उष्णता पोहोचायला प्रत्येक पदार्थाला वेगळा वेळ लागतो. याच कारणाने भोपळ्याचा घट्ट गर प्रेशर कॅनरमध्येही बरणीबंद करू नये. त्याचा दाटपणा दर खेपेस वेगळा असल्यामुळे खात्रीची वेळ सांगताच येत नाही. भोपळ्याच्या फोडी चालतात. रश्श्याला दाटपणा आणण्यासाठी घालायचे पीठही बरणी उघडल्यानंतरच घालावे.

प्रश्न : प्रेशर कॅनर विकत घेणे शक्य नाही. माझ्या साध्या प्रेशर कुकरचा दाबही 15 पौंड आहे. त्यात लहान बरण्या ठेवून दहा-बारा शिट्ट्या काढल्या, तर काम होणार नाही का?

उत्तर : या प्रश्नातला तर्क चुकीचा नाही, आणि म्हणूनच उत्तर नीट द्यायला हवे. समुद्रसपाटीला 15 पौंड दाबाखालची शुद्ध वाफ 121 अंशांच्या आसपास असते, मग भांडे कोणतेही असो. अडचण तीन ठिकाणी येते.

पहिली अडचण वेळेची. प्रक्रियेच्या वेळा ठरवताना मोठे, जड भांडे सावकाश तापते आणि सावकाश निवते, हे धरलेले असते. दाब चढत असताना आणि आपोआप उतरत असतानाही बरणीतले बीजाणू मरत असतात, आणि तो काळ हिशेबाचा भाग असतो. लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, त्यामुळे तेवढ्याच मिनिटांत बरणीतल्या अन्नाला प्रत्यक्षात कमी उष्णता मिळते. किती मिनिटे वाढवली म्हणजे ही तूट भरून निघेल, याची चाचणी करून ठरवलेली कोष्टके लहान कुकरसाठी नाहीत. म्हणून एक लिटरच्या किमान चार बरण्या उभ्या मावतील एवढे भांडे हवे, असा दंडक आहे.

दुसरी अडचण हवेची. भांड्यात हवा अडकून राहिली, तर दाब 15 पौंड असूनही तापमान त्यापेक्षा कमी राहते. प्रेशर कॅनरमध्ये वजन ठेवण्यापूर्वी वाफेचा झोत सलग दहा मिनिटे मोकळा सोडतात, तो यासाठीच. कुकरमध्ये ही पायरी बहुधा कोणी पाळत नाही.

तिसरी अडचण शिट्ट्यांची. शिट्टी म्हणजे दाब मर्यादेपलीकडे गेल्याची खूण. ती वेळेचे माप नव्हे. आच मोठी असली की दहा शिट्ट्या पटापट होतात, मंद असली की तेवढ्याच शिट्ट्यांना कितीतरी पट वेळ लागतो. रोजचे वरण-भात शिजवायला हा अंदाज पुरतो, कारण शिजले नाही तर ते दिसते. बीजाणू मेले की नाही, हे मात्र दिसत नाही.

ज्यांच्याकडे योग्य भांडे नाही त्यांनी भाज्या गोठवाव्यात, वाळवाव्यात किंवा व्हिनेगरात मुरवाव्यात. या तिन्ही वाटा सुरक्षित आहेत. ज्यांच्याकडे आहे त्यांनी दाबाचे घड्याळ वर्षातून एकदा तपासून घ्यावे आणि प्रक्रिया संपल्यावर भांड्यावर गार पाणी ओतून दाब उतरवण्याचा मोह टाळावा. दाब एकदम उतरला की बरण्यांतला रस झाकणाखालून बाहेर येतो आणि काच तडकण्याचीही भीती असते.

उंचावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर चढल्यावर पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. 1500 मीटरवर पाणी 95 अंशांनाच उकळते. त्यामुळे उकळत्या पाण्याच्या प्रक्रियेत वेळ वाढवावा लागतो आणि प्रेशर कॅनरमध्ये दाब. 300 मीटरच्या वर 10 पौंडांऐवजी 15 पौंडांचे वजन वापरावे.

प्रश्न : टोमॅटो आंबटच असतात. मग बरणीत भरताना लिंबाचा रस घालायला का सांगतात? आणि तो बाटलीतलाच का? ताजे लिंबू अधिक चांगले नाही का?

उत्तर : टोमॅटो नेमके सीमारेषेवर उभे असतात. वाण, पिकलेपणा, वेलीवर रोग पडला होता की नाही, या साऱ्यांवर त्यांचा पीएच 4.6 च्या अलीकडे किंवा पलीकडे जातो, आणि जिभेला हा फरक कळत नाही, कारण गोडवा आंबटपणा झाकतो. म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीत एक मोठा चमचा आणि एक लिटरच्या बरणीत दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालावा, किंवा त्याऐवजी अनुक्रमे पाव आणि अर्धा लहान चमचा सायट्रिक आम्ल घालावे. ते प्रत्येक बरणीत वेगवेगळे घालावे, पातेल्यात एकदम नव्हे. बाटलीतल्या रसाची आम्लता ठरावीक ठेवलेली असते, ताज्या लिंबांची प्रत्येकी वेगळी असते; चवीच्या दृष्टीने ताजे लिंबू सरस असेलही, पण येथे प्रश्न चवीचा नाही. फार आंबट लागल्यास थोडी साखर घालावी, रस कमी करू नये. व्हिनेगरात मुरवण्याच्या पदार्थांनाही हाच नियम लागू आहे : व्हिनेगर किमान 5 टक्के आम्लतेचे असावे आणि कृतीत सांगितलेल्यापेक्षा अधिक पाणी घालून ते सौम्य करू नये. टोमॅटोच्या सॉसमध्ये कांदा, मिरची, मशरूम किंवा मांस अंदाजाने वाढवले, तर तो सॉस आंबट पदार्थांच्या गटातून बाहेर पडतो, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : गरम जॅम भरून बरणी उलटी ठेवली की झाकण आपोआप घट्ट बसते. मग पुन्हा उकळण्याची खटपट कशासाठी? बरण्या भट्टीत तापवल्या तर चालतील का?

उत्तर : दोन्ही टाळावे. उलट्या बरणीचे झाकण बसते खरे, पण ती पकड अनेकदा कच्ची असते आणि झाकणाखालच्या हवेत उरलेले बुरशीचे कण मरतीलच असे नाही. कडेपासून सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा रिकामी सोडावी, बरणीचा काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावा, कारण काठावर चिकटलेला जॅमचा एक थेंबही झाकण बसू देत नाही, आणि मग बरणी पाण्यात पूर्ण बुडवून, झाकणावर अडीच सेंटिमीटर पाणी राहील अशा बेताने उकळावी. भट्टीतली कोरडी हवा 120 अंशांवर ठेवली तरी बरणीतले अन्न त्या तापमानाला पोहोचत नाही, आणि दार उघडताना काच फुटून इजा होऊ शकते.

प्रश्न : जॅमवर वरच्या वर थोडी बुरशी आली, तर ती काढून खाली राहिलेला जॅम खावा का? साखर निम्मी केल्यामुळे असे होते का?

उत्तर : खाऊ नये. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असू शकतात, काही बुरशी विष तयार करतात, आणि बुरशी वाढताना आंबटपणा खातही जाते, त्यामुळे 4.6 ची ती रेषा हळूहळू ओलांडली जाऊ शकते. साखर कमी केल्याने बुरशीला फावते, हा आपला अंदाज बरोबर आहे, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि ते जंतूंना मिळू देत नाही. कमी साखरेचा जॅम करायला हरकत नाही. तो लहान बरण्यांत भरावा आणि उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावा.

प्रश्न : सोललेला लसूण तेलात बुडवून ठेवला तर किती दिवस टिकतो?

उत्तर : फ्रीजमध्ये चार दिवस, त्यापुढे फ्रीजरमध्ये. ओट्यावर एकही दिवस नाही. लसूण मातीतून येतो, आंबट नसतो आणि तेल त्याला हवेपासून तोडते. पहिल्या उत्तरात सांगितलेली सारी परिस्थिती येथे न उकळताच तयार होते. तेलाला आपण टिकवणारे द्रव्य समजतो, ही समजूत या बाबतीत घातक आहे.

प्रश्न : एकाच दिवशी आठवडाभराचा स्वयंपाक करून ठेवण्याचा आमचा प्रयत्न आहे. गरम भांडे फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणून ते रात्रभर बाहेर निवू देतो आणि खाताना उकळून घेतो. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही, आणि ‘खाताना उकळून घेतो’ या भरवशावर तर मुळीच राहू नये. शिजवलेले अन्न 60 अंशांच्या खाली आणि 5 अंशांच्या वर जितका वेळ राहील, तितकी जंतूंना वाढायला सवड मिळते. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजल्यानंतरही जिवंत राहतात आणि भात कोमट राहिला की त्यांची वाढ सुरू होते. त्यांनी तयार केलेले, उलट्या घडवणारे विष पुन्हा उकळले तरी नष्ट होत नाही. जिवाणू मरतात, विष राहते. मोठ्या पातेल्यातल्या रश्श्याची गोष्ट थोडी वेगळी आहे : पातेले बाहेरून गार लागले तरी मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूला वाढायला तेवढे पुरते.

म्हणून अन्न शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे, आणि हवा 32 अंशांपेक्षा उष्ण असेल तर एका तासात. पातेले जसेच्या तसे ठेवू नये. अन्न पसरट भांड्यांत पाच सेंटिमीटरपेक्षा कमी थर होईल असे काढावे. घाई असेल तर भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळावे. गरम भांड्याने फ्रीज बिघडतो ही भीती अशा पसरट भांड्यांच्या बाबतीत बाळगण्याचे कारण नाही. आठवडाभराच्या स्वयंपाकातला पहिल्या तीन-चार दिवसांपुरता भाग फ्रीजमध्ये आणि उरलेला फ्रीजरमध्ये ठेवावा. परत गरम करताना 74 अंशांपर्यंत, म्हणजे सर्वत्र वाफ येईपर्यंत, गरम करावे.

प्रश्न : वीज गेल्यावर फ्रीजरमधले अन्न किती वेळ सुरक्षित राहते?

उत्तर : दार न उघडल्यास गच्च भरलेला फ्रीजर साधारण 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास थंडी धरून ठेवतो; खालचा फ्रीज मात्र चारच तास. वीज आल्यावर ज्या अन्नात अजून बर्फाचे कण आहेत, ते पुन्हा गोठवता येते, फक्त त्याचा पोत थोडा बिघडतो. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. त्यामुळे गोठवलेले अन्न वितळवायचे ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नव्हे.

प्रश्न : तांदूळ, गहू आणि कडधान्ये काही वर्षे टिकतील अशी साठवायची आहेत. ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्या सगळ्याच डब्यांत घातल्या तर चालतील का?

उत्तर : सगळ्या नकोत. या पुड्या कीड मारण्यासाठी आणि खवटपणा रोखण्यासाठी उत्तम आहेत, पण धान्यातला ओलावा 10 टक्क्यांहून अधिक असेल, तर ओलसर आणि हवेविना जागा तयार करून त्या नेमका बोट्युलिझमचा, म्हणजे पहिल्या उत्तरातल्या विषबाधेचा, धोका ओढवून घेतात. अर्धवट वाळवलेली भाजी किंवा मऊसर वाळलेले मांस त्यांच्यासह बंद करू नये. साखरेत आणि मिठात त्या घातल्या तर साखरेची व मिठाची ढेप होते, आणि या दोन्हींना पुड्यांची गरजही नाही.

पांढरा तांदूळ आणि गहू कोरडे, थंड व हवाबंद ठेवल्यास तीस वर्षांपर्यंत खाण्याजोगे राहू शकतात. बिनसडीचा तांदूळ मात्र साधारण सहा महिन्यांत खवट होऊ लागतो, कारण त्याच्या कोंड्यात तेल असते. पिठे आणि सुकामेवा यांनाही हेच कारण लागू पडते. अधिक पौष्टिक ते कमी टिकाऊ, असाच येथे बहुधा व्यवहार आहे. कडधान्ये खराब होत नाहीत, पण वर्षे लोटली की भिजवूनही मऊ शिजत नाहीत, म्हणून जुनी आधी संपवावीत. राजमा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट शिजायला टाकू नये. त्यातील लेक्टिन हे विषारी द्रव्य तेवढ्या आचेवर नष्ट होत नाही. तो किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा.

किड्यांची अंडी मारण्यासाठी धान्य भरण्यापूर्वी बंद पिशवीत उणे 18 अंशांवर चार दिवस ठेवता येते. पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार दाण्यांवर हवेतले पाणी साचते आणि कोरडे धान्य आपल्याच हाताने ओले होते.

प्रश्न : मांडणीवरच्या एका बरणीचे झाकण मध्ये फुगले आहे. वास पाहून ठरवावे का?

उत्तर : वास पाहू नये, चवही घेऊ नये, बोटाच्या टोकावरचे अन्नही आजारी पाडू शकते. अशी बरणी बंद असेल, तर ती न उघडता पिशवीत गुंडाळून, मुलांना आणि जनावरांना सापडणार नाही अशी टाकावी. गळत असेल तर हातमोजे घालावेत, आणि जिथे रस सांडला तिथे एक भाग ब्लीच व पाच भाग पाणी यांचे मिश्रण ओतून अर्धा तास राहू द्यावे, मग पुसावे. पुसलेले कागद आणि हातमोजेही त्याच पिशवीत जावेत. घरी भरलेले कमी आंबट पदार्थ संशयास्पद नसले, तरी खाण्यापूर्वी दहा मिनिटे उकळून घ्यावेत. उंचावर दर 300 मीटरला एक मिनिट वाढवावे. बोट्युलिनमचे विष उकळण्याने नष्ट होते, म्हणून ही शेवटची खबरदारी उपयोगी पडते. पण फुगलेल्या बरणीला तिने वाचवायचे नसते.

बरणी आधीच कोणी खाल्ली असेल, तर बहुधा 12 ते 36 तासांत, कधी काही दिवसांनीही, पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, तोंड कोरडे पडणे, बोलताना जीभ अडखळणे आणि गिळायला त्रास होणे अशी लक्षणे सुरू होतात, आणि अशक्तपणा डोक्याकडून खाली उतरत जातो. ताप बहुधा नसतो, त्यामुळे थकवा समजून वाट पाहिली जाते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे, काय खाल्ले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि उरलेले अन्न बंद करून सोबत न्यावे. प्रतिविष जितके लवकर मिळेल तितका उपयोग अधिक होतो. श्वासाच्या स्नायूंपर्यंत परिणाम पोहोचल्यावर महिनोन्महिने उपचार लागू शकतात. तीच बरणी इतर ज्यांनी खाल्ली असेल, त्यांना लक्षणे नसली तरी त्याच दिवशी कळवावे.